बोकडाचं दूध

धाकट्याचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट. लग्नासाठी भाड्यानं आणलेल्या खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या, तोच त्या दुसऱ्याच कामाला लागल्या. सकाळी उजाडायच्या आत गल्लीत लोक येऊन बसत. आधी म्हातारी माणसं खुर्च्यांवर, मग कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि भिंतीला टेकून नुसती मजा बघायला आलेली पुरुषमंडळी. सगळ्यांच्या नजरा एका लाकडी दाराकडे. दारामागं परस, परसात पत्र्याचं छप्पर, आणि छपराखाली गुंड्या नावाचा एक बोकड. गुंड्या दूध देतो, अशी बातमी होती.

"बोकडच आहे ना नक्की?"

"मग काय मांजर आहे? दाढी बघ की."

"दाढी तर आमच्या आत्यालाही आहे."

"मग तिलाही लाव रांगेत."

लोक हसत होते, पण उठून जात कुणी नव्हतं. हसणाऱ्या माणसाला वाटतं, आपला काही विश्वास बसलेला नाही. पण तोही अर्धा तास उभा राहिला की पाय दुखल्याची भरपाई म्हणून काहीतरी अद्भुत बघूनच घरी जातो.

परसातली शेळ्यांची उस्तवार घरातली थोरली सून करायची. तिला सगळे थोरलीच म्हणत. नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान, सासू घरात, आणि धाकटा दीर काचेच्या दुकानात आरसे कापायला. शेळ्या सात. एकीची जात दुसरीला लागत नव्हती. एकीचे कान गुडघ्यापर्यंत लोंबायचे, एकीला कान नावालाच होते, एक उंच तर एक पाटाएवढी बुटकी. मिळेल ते पिल्लू आणायचं, बाटलीनं वाढवायचं, दूध घरात वापरायचं, उरलं तर शेजारी द्यायचं, असा सगळा कारभार. मात्र एका बाबतीत घरात कायदा कडक होता. शेळी भुंडी हवी, बिनशिंगाची. बोकडही भुंडा हवा. सासू पोरवयाची असताना एका शेळीचं शिंग तिच्या डाव्या डोळ्यात गेलं होतं. डोळ्यात पांढरं फूल पडलं ते कायमचं. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा पहिलं वाक्य म्हणे हेच बोलली, की दारात शिंग दिसलं तर मी माहेरी जाईन. परसही अरुंद, दोन भिंतींच्या मधली बोळच ती. भुंडी जनावरं सोयीची पडत. त्यामुळे इतकी वर्षं भुंड्या शेळीला भुंडाच बोकड लावला जात होता.

कधीमधी एखादं करडू विचित्र निपजायचं. धड नर नाही, धड मादी नाही. ते मोठं झालं की खाटकाकडे जायचं आणि विषय संपायचा. गुंड्या मात्र राहिला. त्याची आई वितानाच मेली होती. थोरलीनं त्याला बाटलीनं पाजलं होतं. कपाळावर केसांची गाठ, म्हणून गुंड्या. अंगानं बोकड, डोकं बोकडाचं, मानेवर राठ केस. पण शेळ्या माजावर आल्या तरी हा आपला भिंतीला पाठ घासत उभा. थोरलीचा नवरा म्हणायचा, "हा संन्यासी दिसतोय. ह्याला उगाच संसारात ओढू नका."

लग्नाच्या गडबडीत गुंड्याच्या पोटाखाली सूज दिसली. थोरलीला वाटलं, गळू. तिनं दाबून पाहिलं तर पांढरा थेंब आला. दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा आला. ती सासूला म्हणाली, "आई, हे काहीतरी वेगळंच आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेते."

सासूनं वाकून पाहिलं, बोट लावून चाखलं, आणि पदर सावरत उभी राहिली. "एवढं दैवानं दारात आणून दिलं, आणि तू त्याला सुया टोचायला निघालीस?"

थोरली हात धुऊन येईपर्यंत सासू गल्लीतल्या सहा घरी जाऊन आली होती.

चौथ्या दिवशी हळूबाबा आला.

हा हळूबाबा बाजाराच्या टोकाला, बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत उतरलेला होता. न्हावी सांगायचा, की हा पूर्वी चष्मे विकायचा. त्याचं भांडवल म्हणजे त्याचा आवाज. इतका हळू बोलायचा, की ऐकायचं तर माणसाला त्याच्यापुढे वाकावं लागे. आणि वाकलेला माणूस लांबून नमस्कार करतोय असाच दिसतो. पैसे घेत नसे. हे लोक फार कौतुकानं सांगत. जो पैसे घेत नाही तो लुबाडत नाही, असं लोकांना वाटतं. पैशाहून गोड अशा किती गोष्टी माणसाला हव्या असतात, ह्याचा विचार कुणी करत नाही.

त्यानं गुंड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या खांद्यावरची जाड तपकिरी शाल काढून गुंड्याच्या पाठीवर घातली. शाल दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत आली.

"उघडा ठेवू नका ह्याला," तो म्हणाला. लोक वाकले. "हा बापही आहे आणि आईही आहे. ज्याच्यात दोन्ही भरलं, त्याच्यात रिकामी जागा कुठली? आणि रोगाला तर राहायला रिकामी जागा लागते. ह्याचं दूध ज्याच्या पोटात जाईल, त्याच्याही आतली जागा भरेल."

"बघा, किती सोपं करून सांगितलं," कुणीतरी म्हणालं.

"ह्याला मी वखारीत नेतो. तिथं मोकळं आहे. आणि ह्याला हिरवा पाला देऊ नका. ह्यापुढे ह्याचं खाणं म्हणजे वाळलेलं गवत आणि पाणी. बस्स."

थोरली म्हणाली, "तो माझ्या हातानं वाढलाय. माझ्याशिवाय खात नाही."

हळूबाबानं तिच्याकडे पाहिलं. रागावून नाही. वजन करावं तसं. "आईनं कधीतरी सोडायचं असतं, बाई."

सासूनं मान डोलावली. नवरा नेहमीप्रमाणे म्हणाला, "आईच्या मनाविरुद्ध कशाला?" गुंड्याला नेताना तो दोनदा मागं वळून ओरडला. लोकांना त्यातही अर्थ सापडला.

त्या दिवसापासून गल्ली मोकळी झाली आणि वखार भरू लागली.

इथं धाकट्याविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट बोकडाची नाही, धाकट्याची आहे.

धाकट्याला चौदाव्या वर्षी साखरेचा आजार निघाला होता. गोळ्यांवर भागणारा नव्हे. त्याच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ सुई. सुई घेतली तर तो चारचौघांसारखा जगायचा. काच अशी कापायचा, की दुकानाचा मालक मोठे आरसे दुसऱ्याच्या हाती देत नसे. स्वभाव चेष्टेखोर. "माझं पोट म्हणजे टाचण्यांची उशी," म्हणायचा. पण लग्न झालं आणि ती चेष्टा त्याला स्वतःलाच बोचायला लागली. नव्या बायकोसमोर रोज दोनदा सदरा वर करायचा, हे त्याला जड जात होतं. ती बिचारी सुई द्यायला शिकलीही होती. तिचा हात हलका होता. पण त्याला तिचा हात वेगळ्या कारणासाठी हवा होता.

सासू त्याला पहिल्यांदा वखारीत घेऊन गेली, तेव्हा थोरलीही बरोबर होती. आत लाकडाच्या भुशाचा जुना वास. उंच खिडकीतून उजेडाचा एकच पट्टा खाली येत होता आणि त्यात शाल पांघरलेला गुंड्या उभा. हळूबाबा शालीखाली हात घालायचा, डोळे मिटायचा आणि धारेचा आवाज यायचा. शालीखालून भांडं बाहेर येई ते भरलेलं. कोमट, फेसाळ. प्रत्येकाच्या ओंजळीत घोटभर. एवढ्याशा सुजेतून इतकं दूध येतं कसं, हा प्रश्न थोरलीच्या मनात आला. तिनं शेजारच्या बाईला विचारलाही. बाई म्हणाली, "म्हणून तर आलोय ना आपण."

धाकटा पुढे बसून म्हणाला, "बाबा, माझ्या सुया चालू आहेत. दुधाबरोबर चालतील?"

हळूबाबानं शाल सारखी केली. वखारीतली माणसं पुढे वाकली.

"घरी पाहुणा बोलावला," तो म्हणाला, "आणि जुना भाडेकरू खोली सोडत नसला, तर पाहुण्यानं उतरायचं कुठं?"

"म्हणजे सुई सोडू?"

"मी कुणाला काही सोड म्हणत नाही रे. मी कोण? तुझ्या अंगालाच विचार. ते सांगेल."

अंग काय सांगणार? चौदाव्या वर्षापासून टोचून घेतलेलं अंग. त्यानं आधी संध्याकाळची सुई सोडली. घरात कुणाला सांगितलं नाही. बायकोला शपथ घातली. आणि पहिल्यांदा खरंच त्याला बरं वाटलं. आधी कधीकधी सुईनंतर जेवायला उशीर झाला तर घाम फुटायचा, हात थरथरायचे, काच वाकडी कापली जायची. ते थांबलं. थांबणारच. ते थरथरणं सुईतल्या औषधानं साखर जास्त उतरल्यामुळे व्हायचं. आता साखर उतरतच नव्हती. ती वर चढत होती, पण वर चढणारी साखर हाताला थरथर आणत नाही. ती गुपचूप काम करते.

मग त्यानं सकाळचीही सुई सोडली.

थोरलीला आधी पाण्यानं कळलं. स्वयंपाकघरातली घागर दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली. धाकटा उभ्यानं तांब्या तोंडाला लावायचा, तो संपला की दुसरा. जेवण भरपूर, तरी सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल दिसू लागली. एके सकाळी परसाच्या कोपऱ्यातल्या मोरीजवळ मुंग्यांची जाड काळी रेघ लागलेली तिनं पाहिली. तिनं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी रेघ परत आली.

"भावजी, तुम्ही परसात लघवीला जाता ना, तिथं मुंग्या लागतायत," ती सरळच म्हणाली.

तो हसला. ओठ कोरडे, फुटलेले. "बाबांना सांगितलं मी. ते म्हणाले, इतक्या वर्षांचा गोडवा बाहेर पडतोय. मुंग्या त्याच्या साक्षीदार आहेत."

"आणि एवढी तहान?"

"आतली आग निघतेय."

"आणि वाळलात ते?"

"रोगाचं वजन होतं वहिनी. उतरलं."

हळूबाबाच्या पेढीवरचा खरा माल हाच होता. बरं वाटलं तर दुधाचा गुण. वाईट वाटलं तर रोग निघाल्याची खूण. मधे तिसरी जागाच ठेवली नव्हती, जिथं उभं राहून माणसाला म्हणता यावं की काहीतरी चुकतंय.

फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात त्याच्या औषधाच्या बाटल्या असत. थोरलीनं पाहिलं. महिन्याच्या सुरुवातीला आणलेल्या बाटलीचं झाकण तसंच होतं, फोडलेलं नव्हतं. ती बाटली हातात घेऊन ती धाकट्याच्या बायकोसमोर, धाकटीसमोर, उभी राहिली. धाकटी कपडे पिळत होती.

"कधीपासून?"

धाकटीनं पिळलेला सदरा पुन्हा पाण्यात घातला. "ताई, मला शपथ घातलीय."

"तुझी शपथ मोडू दे. तुझा नवरा जगू दे."

"रात्री त्यांच्या तोंडाला वास येतो," धाकटी खाली बघत म्हणाली. "फळं सडायला लागल्यावर येतो तसा. मी विचारलं तर म्हणाले, बाबा म्हणतात देवळासारखा वास आहे."

थोरली नवऱ्याकडे गेली. तो सायकलचं चाक फिरवून आरे सरळ करत होता. "बोलतो उद्या," म्हणाला. ती धाकट्याकडेही गेली. तो ओट्यावर बसला होता, काच कापायला न जाता.

"वहिनी, गुंड्याला तुम्हीच बाटलीनं वाढवलंत, आणि तुमचाच विश्वास नाही?"

"वाढवलं म्हणूनच नाही. त्याला शिंक आली की तो चारा सोडून पळतो. तो तुला काय बरा करणार?" घाबरली की ती दिराला अरेतुरे करायची.

धाकट्यानं फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाला, "मला फक्त सुईशिवाय जगून बघायचं होतं. इतरांसारखं. तुम्हाला नाही कळायचं."

तिला कळत होतं. म्हणूनच ती आणखी वाद न घालता पाला आणायला उठली.

त्या संध्याकाळी तिला शेळ्यांसाठी पाला मिळाला नाही. भाजीवालीकडे उरलेली, पिवळी पडलेली कांद्याची पात होती. एरवी ती शेळ्यांना कांद्याची पात घालत नसे, कारण दुसऱ्या दिवशी दुधाला वास येतो आणि चहा पिववत नाही. त्या दिवशी इलाज नव्हता. सकाळी धार काढताना अपेक्षेप्रमाणे वास आलाच. सासू रोजच्यासारखी दुधाची किटली घेऊन बाहेर पडली. बाबांच्या चहाला म्हणून रोज जायची ती किटली.

थोरली थोड्या वेळानं धाकट्याला धरून वखारीत गेली. तो चालत होता, पण मधे दोनदा थांबला. आज ती स्वतःच्या ओंजळीत दूध घ्यायचं म्हणून रांगेत उभी राहिली. हळूबाबानं डोळे मिटून भांडं शालीखालून काढलं, तिच्या ओंजळीत घोटभर ओतलं. तिनं ओठांना लावलं.

कांद्याचा वास.

वाळलेल्या गवतावर राहणाऱ्या जनावराच्या दुधाला कांद्याच्या पातीचा वास. तिनं पुन्हा एक घोट घेतला. सातही शेळ्यांची सकाळची धार तिच्या जिभेवर होती.

"आई," ती सासूच्या कानाशी म्हणाली, "किटली किती रिकामी होते हो बाबांच्या चहाला?"

"अख्खी."

"रोज एवढा चहा पितो एक माणूस?"

सासूनं तिच्याकडे एका डोळ्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

धाकटा हळूबाबाच्या उजव्या हाताला भिंतीला टेकून बसला होता. ऊठ म्हटलं तर उठेना. थोरली एकटीच बाहेर पडली आणि जवळजवळ पळतच जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई एका कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधत होत्या. थोरलीनं सगळं उलटसुलट सांगितलं, बोकड, शाल, किटली, कांदा. बाईंनी पट्टी बांधता बांधता विचारलं, "तुमच्याकडे सगळी भुंडीच ना? बोकडही?"

"सासूबाईंचा कायदाच आहे."

"मग तो बोकड नाहीच. पण ते दाखवीन मी. आणखी काय?"

"दीर माझा. सुईवरचा आहे, साखरेचा. त्यानं सुई सोडलीय. तहान लागते, वाळलाय, तोंडाला वास येतो, आणि आज दम लागल्यासारखा श्वास घेतो बसल्या जागी."

बाईंचा हात थांबला. "हे आधी सांगायचं होतं. बोकड राहू दे. त्याला आत्ताच्या आत्ता माणसांच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं."

"तो उठत नाहीये बाई. बाबाला सोडून उठणार नाही म्हणतो."

बाईंनी हात पुसले. "तर मग उठवू या. त्याला कळल्याशिवाय तो उठणार नाही, आणि कळायला वेळ थोडा आहे."

दोघी वखारीत शिरल्या तेव्हा हळूबाबा दुसरं भांडं काढायच्या तयारीत होता. डॉक्टरीणबाई गर्दीतून सरळ पुढे गेल्या. वाकल्या नाहीत.

"मला शाल उचलू द्या. मी जनावरांची डॉक्टर आहे. एवढं दूध देणारं जनावर तपासायलाच हवं, कास सुजेल."

"शालीला हात लावायचा नसतो," हळूबाबा म्हणाला. नेहमीच्याच आवाजात. मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

"काय म्हणाले?" मागून कुणीतरी.

"शाल काढू नका म्हणाले."

"का पण?"

थोरलीनं वाट पाहिली नाही. गुंड्यानं तिला ओळखलं होतं, तो तिच्याकडे मान वळवून बें करत होता. तिनं शालीचं टोक धरलं आणि ओढलं.

गुंड्याच्या पोटाला पट्ट्यानं एक रबरी पिशवी बांधलेली होती. शेक घ्यायला वापरतात तशी, गरम पाण्याची. तिला खालून एक बारीक नळी, तिच्या टोकाला चिमटा. नळीचं टोक सडांच्या मधे आणून ठेवलेलं. चिमटा उघडून पिशवी दाबली की धार लागणार. पिशवी जनावराच्या अंगाच्या उबेला होती, त्यामुळे दूध कोमट का, तेही तिथंच दिसलं. बाईंनी चिमटा काढला. वखारीच्या जमिनीवर दुधाची बारीक रेघ वाहायला लागली आणि भुशात जिरली.

"वास घ्या," थोरली म्हणाली. "कांद्याचा येतो. काल माझ्या शेळ्यांनी कांद्याची पात खाल्ली. हा गुंड्या गवताशिवाय काही खात नाही, असं ह्यांनीच सांगितलंय. हे आमच्याच घरचं दूध आहे. रोज किटलीतून येतं."

डॉक्टरीणबाईंनी गुंड्याची शेपटी वर केली. लाजण्यासारखं काही नाही, बघा, असं म्हणून जवळच्या बायांना बोलावलं. "हा बोकड नाही. ही शेळी आहे, जन्माला येताना अर्धवट घडलेली. बाहेरून नरासारखी दिसते, आत मादी. म्हणून हिला थोडी कास फुटली आणि चार थेंब दूध आलं. भुंडेपणाचा गुण आईकडूनही आला आणि बापाकडूनही आला, की काही माद्या अशा निपजतात. आईबापातल्या एकाला शिंगं असती, तर हे झालं नसतं. ह्यात देवाचं काही नाही आणि भुताचंही नाही."

सासू बसल्या जागी पुटपुटली, "म्हणजे माझ्यामुळे?"

"करडू असं झालं ते तुमच्या नियमामुळे, आई," थोरली म्हणाली. "पुढचं सगळं ह्याच्यामुळे."

गर्दीत गलका उठला. एक जण म्हणाला, मला पहिल्यापासून संशय होता. तो पहिल्यापासून रोज रांगेत होता. एक बाई म्हणाली, पण माझे गुडघे तर दुखायचे राहिले ना. कुणी डॉक्टरीणबाईंवरच डाफरलं, की तुम्हाला काय गरज होती. हळूबाबा हात जोडून म्हणाला, "भांड्यातलं दूध ह्याचं आहे, असं मी कधी म्हटलं? तुम्हीच म्हणालात. सुई सोड, असं मी कुणाला म्हटलं?" आणि हे अक्षरशः खरं होतं. त्यानं कधीच तसं म्हटलं नव्हतं. पण आता ऐकायला कुणी वाकत नव्हतं, त्यामुळे त्याचे शब्द त्याच्याच पायाशी पडत होते.

धाकटा सगळं पाहत होता. भिंतीला टेकून, लांबून धावत आल्यासारखा खोल श्वास घेत. थोरली त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"म्हणजे मी," तो थांबत थांबत म्हणाला, "आपल्याच घरचं दूध पीत होतो?"

"हो."

"मग घरीच द्यायचं होतंत." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "चला. घ्या सुई."

त्यानं सदरा वर करायला हात नेला आणि स्वतःच्याच अंगावर ओकला.

वखारीतल्या जुन्या ढकलगाडीवर त्याला घातलं. धाकटी घरातून पळत आली, थोरलीचा नवरा दुकानातून धावत आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उद्या म्हटलं नाही. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी श्वास पाहिला, वास घेतला, आणि धाकटीला विचारलं, सुई कधीपासून बंद आहे. तिनं सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्या हाताला सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं, आणि म्हणाले, रक्त आंबलंय, खूप उशिरा आणलंत, आम्ही करतोय. धाकटी बाकावर बसून स्वतःच्या हाताकडे पाहत होती. सुई द्यायला शिकलेला हलका हात.

हळूबाबा त्याच संध्याकाळी वखार सोडून गेला. त्याला कुणी पकडलं नाही. पकडायला जायचं कोण, ह्यावर चहाच्या दुकानात बराच काथ्याकूट झाला, तेवढ्यात तो पसार. आज कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीत लोक त्याच्यापुढे वाकून उभे असतील.

थोरलीनं पुढे शिंगवाला बोकड आणला. सासूनं हरकत घेतली नाही. नवऱ्यानं दुकानातल्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्याच्या शिंगांच्या टोकांना घट्ट बसवून दिले. करडं धड निपजू लागली. गुंड्या अजून परसात आहे, भिंतीला पाठ घासतो. कुणी बघायला आलं तर थोरली त्याला शेळी म्हणूनच दाखवते.

आता ऐकणाऱ्यानं एवढं करावं. जनावर वेगळं निपजलं तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं, पूजा करू नये आणि भिऊही नये. माणूस आजारी असेल तर चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये, मग समोरचा कितीही गोड आणि कितीही हळू बोलो. जो माणूस बरं वाटलं तर माझा गुण म्हणतो आणि बिघडलं तर तीही खूण म्हणतो, त्याला विचारावं, की मग तुझं चुकलंय हे मला कशावरून कळेल? ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसतं. आणि झाकून ठेवलेलं काही असेल तर झाकण उचलावं. आधी उचलावं. उशिरा उचललं तर खरं कळतं, पण ज्याला वाचवायचं तो माणूस राहत नाही.

धाकटा दवाखान्यात दोन रात्री होता. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तो गेला. वय सव्वीस.